दोनशे ऐंशीचे बूट

नामयांगजू, ९ सप्टेंबर १९९८

गेल्या अडीच महिन्यांत माझ्या हातांनी केलेल्या वस्तू अशा: कागद लावलेली दारं चार, सांधे सगळे खाचेतले, खिळा एकही नाही. पाइनच्या फळ्यांची पडवी एक, आठ फूट बाय तीन, तिसरी फळी मुद्दाम सैल. तांदळाची पेटी एक, झाकणाची उजवी कड हाताने घासून घासून काळी पडल्यासारखी. छपराची कौलं चारशे बारा, कागदाच्या लगद्याची, वर चुना आणि काजळी. पर्सिमनचं झाड एक, खोड खरं, पानं खोटी. दारासमोरचा पायरीचा दगड एक, प्लास्टरचा. काल लाइटवाल्यांपैकी एकाने तो उचलायला कंबर कसली आणि फुलासारखा हातात आल्यावर मागच्या मागे पडला.

जंगशिम, तीन वर्षांनी पत्र लिहायला बसलो तर मायना सुचेना. म्हणून यादी केली. यादी मला जमते.

तू अजून त्याच घरात आहेस, बंदरावरच्या चढाला, आणि रजया शिवतेस एवढं दाहेकडून कळलं. पुढचं विचारलं तर म्हणाली, "आईलाच विचारा की बाबा. तोंड आहे ना तुम्हाला?" आपली मुलगी तुझ्यावर गेली आहे.

मी सोलपासून तासाभराच्या अंतरावर, डोंगरातल्या स्टुडिओत आहे. गेल्या हिवाळ्यात देशात पैशाची जी पडझड झाली तीत निम्मे सिनेमे बंद पडले आणि निम्मे सुतार गावी गेले. मला मात्र बोलावून घेतलं. दिग्दर्शक ग्वाक म्हणून आहे, वय छत्तीस, नजर म्हाताऱ्याची. कला महाविद्यालयातून शिकलेले चार पदवीधर त्याच्याकडे आधीपासून होते. चित्रं सुरेख काढतात. त्यांच्या दारांतून वारा येतो. ग्वाकने त्यांच्यासमोर सांगितलं, "घर काढायला तुम्ही, उभं करायला मेंग मिस्त्री." हे मी फुशारकी म्हणून लिहीत नाही. तो म्हणाला म्हणून लिहितो.

सिनेमा नवरा-बायकोचा आहे. नवरा कामासाठी परगावी राहतो. एकदा न कळवता घरी येतो, दाराशी काहीतरी पाहतो आणि तसाच मागे फिरतो. नंतर दोघांमध्ये नुसतं अंतर. शंका तोंडाने कुणी बोलत नाही. गोष्ट माझ्या ओळखीच्या एका माणसाची आहे. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका सिनेमाचं शूटिंग पावसाने बंद पडलं, त्या दुपारी तांदळाच्या दारूवर मीच ती ग्वाकला सांगितली. त्याने सगळी ऐकली आणि समोरचं सूप तसंच टाकून उठून गेला. चार महिन्यांनी पटकथा घेऊन आला. पहिल्या पानावर छापलं होतं, मूळ कथा: मेंग दुशिक. प्राथमिक शाळा अर्धी सोडलेल्या माणसाचं नाव, छापील. त्या पानाची घडी मी खिशात ठेवली आहे.

आता कामाचं. घर पुरं झालं, पण त्यात पांघरायला रजई हवी. बाजारातल्या सात पाहिल्या. सगळ्या मशीनच्या. कॅमेरा जवळ आला की मशीनचा टाका ओरडतो. हाताने शिवलेली, पाच-सहा वर्षं वापरलेली पाहिजे. माझ्या माहितीत तशी शिवणारी एकच बाई आहे. जमल्यास पाठव.

मेंग दुशिक

नामयांगजू, २७ सप्टेंबर १९९८

रजई पोचली. सोबत चिठ्ठी: "भाडं नको. काम झाल्यावर परत पाठवावी. ओली करू नये." उलटून पाहिली. मागे कोरी.

मी भिंग घेऊन बसलो. एका बोटाच्या रुंदीत अकरा टाके. चार कोपऱ्यांत मोजले आणि मग मध्यावर, जिथे शिवणाऱ्याचा हात थकतो. अकराच. जंगशिम, मी फळी रंधतो तेव्हा मला गुण्या लागतो, पट्टी लागते, एक डोळा मिटावा लागतो. तुला फक्त अंगठ्याचं नख लागतं. एवढी वर्षं मी हे पाहत होतो आणि एकदाही म्हणालो नाही. पदवीधरांना बोलावून दाखवली. एक म्हणाला, "काका, हे तर छापल्यासारखं आहे." मी म्हटलं, "छापणाऱ्याला इतकं येत नाही."

परवा यु सनरान ही नटी घराच्या सेटवर पहिल्यांदा आली. तू तिला पाहिलं आहेस, दाहे पोटात होती तेव्हा, बंदरावरच्या थिएटरात. आपण तिसऱ्या रांगेत होतो आणि तू दोन रुमाल भिजवलेस. आता ती पन्नाशीची आहे आणि या सिनेमात बायको ती आहे. मोठी माणसं सेटवर आली की खुर्ची मागतात. तिने आधी पडवीवर हात फिरवला. तिसऱ्या फळीवर पाय ठेवला, फळी कुरकुरली, तशी थांबली आणि म्हणाली, "या घरात कुणीतरी खरंच राहिलंय." मला तिथल्या तिथे ती आवडली.

मग पायरीच्या दगडावर मी मांडलेले बूट तिने पाहिले.

"मिस्त्री, हे कुणाचे?"

"परक्या पुरुषाचे. नवरा येऊन पाहतो ते हेच."

"ते कळलं हो. पण तो पुरुष आहे कुठे? मी सगळी पानं चाळली. त्याला नाव नाही, चेहरा नाही, आतून एक खोकलासुद्धा नाही."

ग्वाक मध्ये पडला. "सनरान-ताई, तीच तर गंमत आहे. संशयाला चेहरा नसतो."

"संशयाला नसेना का. मला त्याच्यासाठी भात लावायचाय ना? किती लावू ते तरी सांगा."

सगळे हसले. ती हसली नाही. तिने एक बूट उचलला. मी मापासकट सांगितलं: काळे, फितीचे, दोनशे ऐंशी मिलिमीटर मापाचे, तोंडं अंगणाकडे.

"तोंडं बाहेर," ती म्हणाली. "म्हणजे पाहुण्याचे. घरच्या माणसाचे बूट कोण वळवून ठेवतं! तो काढतो तसे आत तोंड करून पडलेले असतात. हे बाईने वळवलेत, त्याला निघताना सोपं जावं म्हणून."

"बरोबर," मी म्हटलं. हा तपशील माझाच होता.

"आणि आतून कसे? तळ झिजलेला?"

मी विचार न करता सांगत गेलो. "नाही. कोरा. बोटांचा ठसा नाही. वरून चवड्यावर मात्र धूळ. बोट फिरवलं तर रेघ उठेल इतकी."

"धूळ?"

"हो. तशीच होती."

तिने बूट खाली ठेवला. "मिस्त्री, पाहुणा घरात बसलाय आणि त्याच्या बुटांवर धूळ साचलीये? कधी आलाय हो तो? आत मेला की काय?"

पुन्हा हशा झाला. माझ्या हातातली पटाशी खाली पडली. मेंग मिस्त्रीच्या हातातून हत्यार पडलं हे पाहायला चारही पदवीधर जमले.

रजई मी सावलीत, लाकडी दांडीवर ठेवतो. हात धुतल्याशिवाय कुणाला लावू देत नाही.

मेंग दुशिक

नामयांगजू, ६ ऑक्टोबर १९९८

काल छुसकचा सण झाला. सगळे आपापल्या घरी, पूर्वजांना नवा भात दाखवायला. मी इथेच राहिलो. दुपारी सेटवरच्या पडवीत बसलो होतो. समोर माझा पायरीचा दगड, त्यावर बूट. त्या घरात माझ्याखेरीज कुणी नव्हतं, तरी दाराकडे पाठ करून बसवेना.

ओळखीचा माणूस वगैरे कुणी नाही. तो मी आहे. तुला हे आधीच कळलं असेल, तरी लिहायला हवं.

तीन वर्षांपूर्वीचा ऑक्टोबर, बावीस तारीख, रविवार. दुपारी चारच्या सुमाराला मी तुझ्या दाराशी आलो होतो. न कळवता, कारण तुला आश्चर्य वाटावं असं मनात होतं. हातात शिवणाची पेटी होती, चेस्टनटच्या लाकडाची, मीच केलेली. सुयांना निरनिराळे कप्पे, अंगुस्तानाला बोटाच्या मापाची गोल खाच. तुझ्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाच्या मापाची. ती करायला दीड महिना गेला होता.

फाटक उघडं होतं. आतून तुझा आवाज आला. तू कुणाशीतरी बोलत होतीस, मोठ्याने, प्रेमाने. मग मी बूट पाहिले.

जंगशिम, मी त्या बुटांजवळ उकिडवा बसलो. लाज वाटते, पण लिहितो. मी ते हातात घेऊन तपासले, कामावर आलेल्या फळ्या तपासतो तसे. माझं माप अडीचशे. हे दोनशे ऐंशी. तोंडं बाहेर. माझे बूट तू कधी वळवून ठेवले नाहीस, ठेवायचं कारणही नव्हतं. तळ कोरा होता ते मला दिसलं. धूळ दिसली. मी म्हटलं, नवे असतील, फिरून आला असेल. मला जे हवं होतं त्यात सगळं बसवलं. सांधा बसत नसेल तर मी लाकडाला कधी दोष देत नाही, माप पुन्हा घेतो. त्या दिवशी माप पुन्हा घेतलं नाही.

मी उठलो आणि गेलो. पेटी बसस्थानकाच्या बाकावर ठेवून दिली. कुणी नेली असेल तर त्याच्याकडे चांगली पेटी आहे.

पुढे काय झालं ते तुला माहीत आहे. मी पैसे पाठवत राहिलो आणि पत्रं थांबवली. दाहेच्या शाळेतून बक्षीस समारंभाचं बोलावणं आलं, तेव्हा काम आहे म्हणून कळवलं. काम नव्हतं.

आता मला एवढंच विचारायचं आहे. ते बूट कुणाचे होते? जे असेल ते सांग. मी ऐकून घेईन. तीन वर्षांपूर्वी विचारायला हवं होतं, तेव्हा तोंडात जीभ होती पण ती दातांमागे ठेवली.

दुशिक

नामयांगजू, १९ ऑक्टोबर १९९८

तुझं पत्र शुक्रवारी आलं. मी ते लाकडाच्या ढिगामागे उभा राहून वाचलं, कारण बसलो असतो तर उठवलं नसतं. काही ओळी मी इथे पुन्हा उतरवतो. तू लिहिल्यास त्याहून नीट मला लिहिता येणार नाहीत.

"तुम्ही पहिल्या पत्रात ओळखीचा माणूस म्हणून लिहिलंत तेव्हाच कळलं. तुम्हाला ओळखीची माणसं आहेत कुठे?"

हे मान्य.

"त्या सप्टेंबरात वरच्या गल्लीत दोन घरं फुटली. दोन्ही घरांत बाई एकटी. दाहे शाळेच्या वसतिगृहात, म्हणजे मीही एकटीच. शेजारच्या गोक्जी आजी म्हणाल्या, दाराशी पुरुषाचे बूट ठेव, चोर लांबूनच वळतो. तुमचा एकच जोड, तो तुमच्या पायात सोलला. म्हणून बाजारात गेले आणि मोठ्यांत मोठे मागितले. दुकानदार म्हणाला, नवरा कुस्ती खेळतो का? तुमच्या मापाच्या बुटांना चोर घाबरला असता होय?"

हेही मान्य. पण हे वाचून मी माझ्या पायांकडे पाहिलं.

"तोंडं बाहेर केली, कारण मग वाटतं की आतला माणूस एका उडीत बुटात पाय घालून काठी घेऊन धावत येईल. आणि दिवेलागणीच्या आधी मी घरात मोठ्याने बोलते. अहो, पाणी तापलंय. अहो, मासे खारट झालेत का? तुम्ही ऐकलात तो तोच आवाज. तुमच्याशीच बोलत होते मी. तुम्ही बाहेर होतात आणि मी आत तुमच्याशी बोलत होते."

जंगशिम, मी एवढी वर्षं सिनेमाची घरं बांधतो. खोटी भिंत खरी वाटावी म्हणून तीत जुना खिळा ठोकतो, कॅलेंडरचा फिका चौकोन ठेवतो. त्या कामात माझ्यापुढे कुणी नाही असं मी समजत होतो. तू एक जोडी बूट आणि तुझा आवाज एवढ्यावर अख्खा पुरुष उभा केलास, आणि जो माणूस जन्मभर खोट्या वस्तू करतो तोच त्याला फसला. मी तुझ्यापुढे टोपी काढतो. मनापासून काढतो.

"गल्लीतल्या बायका येता-जाता त्या बुटांना हाका मारतात. काय हो दोनशे ऐंशी, जेवलात का? गोक्जी आजी म्हणतात, शांत आहे हो तुझा नवरा. आधीच्यापेक्षा बरा."

आजींना माझा नमस्कार सांग.

आणि ही ओळ: "तीन वर्षं मी विचार करत होते की माझं काय चुकलं. मग वाटलं, सोलमध्ये तुमचं कुणी असेल. दाहेला म्हटलं, बाबांना विचारू नकोस, खरं निघालं तर? दार वाजवायला किती वेळ लागला असता?"

पायरीच्या दगडापासून दारापर्यंत तीन फूट अंतर आहे. सेटवर मीच मोजून लावलं आहे.

मी तडक ग्वाककडे गेलो आणि सगळं सांगितलं. तो भुशात खाली बसला. मग म्हणाला, "मिस्त्री, हे माझ्या सिनेमापेक्षा चांगलं आहे. मला राग आलाय."

"कुणाचा?"

"माझा. आणि थोडा तुमच्या बायकोचा. मला हे का सुचलं नाही?"

आता एक गोष्ट तुला सांगायलाच हवी, कारण ती तुझ्याशी संबंधित आहे आणि मी लपवली होती. पटकथेच्या शेवटी बायको कबूल करते. समुद्राकडे पाहत म्हणते, हो, होता एक. मी ग्वाकला जशी गोष्ट सांगितली तशीच त्याने लिहिली, आणि ते दृश्य ऑगस्टातच समुद्रकिनाऱ्यावर घेऊन ठेवलं आहे. सिनेमातलं घर आपलं, पडवी आपली, बूट दोनशे ऐंशीचे. तुझ्या गल्लीतलं कुणीही ते पाहील तर एका नजरेत ओळखेल.

सनरानला कळलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणूनच ते वाक्य माझ्या तोंडात बसत नव्हतं! मला वाटलं दात दुखतोय." तिने ग्वाककडून एक दुपार मागून घेतली. परवा तीन वाजता कॅमेरा लावला.

ती बाजाराची पिशवी घेऊन फाटकातून आली. बूट काढून दगडावर ठेवले, तोंडं आत. दोन पावलं मागे गेली. मान हलवली. पुन्हा पुढे येऊन तोंडं बाहेर केली. मग पार फाटकापर्यंत मागे गेली आणि तिथून बुटांकडे पाहिलं, एका डोळ्याने, चोर पाहील तसं. समाधान झालं. आत गेली. दार लागलं. आतून तिचा आवाज आला, "अहो, पाणी तापलंय." थोडं थांबून, जरा मोठ्याने, "ऐकलं का?"

आत कुणी नव्हतं. आम्हा सगळ्यांना ते ठाऊक होतं, दार मीच बसवलं आहे. तरी तीस माणसं त्या दाराकडे बघत उभी राहिली. ग्वाक 'कट' म्हणायला विसरला. लाइटवाला रडत होता आणि डोळ्यात धूळ गेली म्हणत होता. मी मागे जाऊन रिकाम्या रंगाच्या डब्यावर बसलो. तू अशी किती वेळा हाक मारली असशील ते मोजायला लागलो, आणि आयुष्यात पहिल्यांदा मोजणं मध्येच सोडलं.

असं काम मी पडद्यावर पाहिलेलं नाही. पण मूळ काम तुझं.

दुशिक

नामयांगजू, २ नोव्हेंबर १९९८

तुझी चिठ्ठी मिळाली. दोनच वाक्यं: "माझ्या दारातून गोष्ट उचललीत, ती जशीच्या तशी परत आणून ठेवा. आलात तर दार वाजवा."

दुसरं वाक्य मी बऱ्याच वेळा वाचलं. त्यात 'या' असं म्हटलेलं नाही आणि 'येऊ नका' असंही नाही. तुझा टाका आहे तो. बारीक, पण निसटत नाही.

दाहेने फोनवर सांगितलं की गोक्जी आजींनी अख्ख्या गल्लीला कळवलंय, आपले बूट सिनेमात आहेत, आणि सिनेमा लागला की सगळ्या मिळून जाणार. त्यामुळे कुठला शेवट लागतो याला फार महत्त्व आलं आहे. सिनेमा थिएटरातून उतरतो. तुला त्या गल्लीतून रोज बाजारात जायचं आहे.

काल निर्माते ब्योन आले. अंगावर चांगला कोट, पायात चांगले बूट, दोनशे सत्तर. त्यांनी दोन्ही शेवट छोट्या पडद्यावर पाहिले. सनरानच्या दृश्याला त्यांनीही रुमाल काढला, मी पाहिलं. मग रुमाल खिशात ठेवला आणि म्हणाले, "सुंदर. पण चालणार नाही."

ग्वाक म्हणाला, "का?"

"लोक दोन तास वाट बघतात बाई सापडायची. शेवटी काय, बाई निर्दोष? तिकिटं कोण घेणार? पोस्टर छापून तयार आहे. पोस्टरवर बूट आहेत आणि खाली विचारलंय, 'कोण होता तो?' आता काय लिहू? 'कुणी नव्हता'?"

"हो," सनरान म्हणाली. "तेच लिहा. त्याहून भीतीदायक काय आहे?"

ब्योन हसले. मोठ्या नटीपुढे हसावंच लागतं. मग मला बाजूला घेतलं. झालं असं की ग्वाकने प्रामाणिकपणे माझं नाव छापलं, म्हणून आता माझ्या सहीशिवाय त्या गोष्टीचा सिनेमा कुठल्याच थिएटरला देता येत नाही. ग्वाकची सही आधीच झाली होती. माझीच राहिली होती, कारण मला कुणी मागितलीच नव्हती. सुताराची सही लागेल हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

"अहो मिस्त्री," ते म्हणाले, "एका सुताराचं नाव पोस्टरवर! सगळ्या देशात! तुमच्या गावात ढोल वाजतील."

"माझ्या गावात दुसरंच काहीतरी वाजेल," मी म्हटलं.

"सिनेमातली बाई म्हणजे तुमची बायको थोडीच आहे! नाव वेगळं आहे."

"पडवी वेगळी नाही. तिसरी फळी वेगळी नाही. रजई तर तिचीच आहे."

"मग ते बूट बदलू की. छत्री ठेवू. पुरुषाची छत्री, काळी. मग तर झालं?"

मी त्यांना समजावून सांगायचा प्रयत्न केला की छत्रीला तोंड नसतं, तिला आत-बाहेर वळवता येत नाही. त्यांना वाटलं मी भाव वाढवतोय. मग मी म्हटलं, "साहेब, मी एकदा माझ्या बायकोबद्दल मनात एक खोटं धरलं आणि तीन वर्षं वागवलं. ते निदान माझ्या एकट्याच्या डोक्यात होतं. आता तुम्ही म्हणता तेच खोटं साठ फुटी पडद्यावर दाखवू या, आणि मी खाली सही करू."

"ठीक आहे. मग सिनेमा थांबला असं समजा," ब्योन म्हणाले. ग्वाककडे पाहिलं.

ग्वाक पायरीच्या दगडावर बसला होता. तो दगड माणसाच्या वजनाला केलेला नाही, मी दहादा सांगितलंय. तो म्हणाला, "थांबू दे. मी दुसरे पैसे शोधेन. शेवट हाच राहील." या पोराने, पोरच म्हणायचं, दीड वर्ष या सिनेमासाठी पैसे जमवले होते. मला त्याच्या पाया पडावंसं वाटलं. पडलो नाही. दगडाला तडा गेला होता तो पाहत राहिलो.

सिनेमा लागेल की नाही मला माहीत नाही. ग्वाक कालपासून पैशासाठी लोकांच्या दारात जातोय. सनरान म्हणते मी फुकट काम करेन, वर त्याला टोमणा मारते, "पुढच्या वेळी पाहुण्याला जेवायलाही घाला." माझं इथलं काम मात्र संपलं. पुढच्या तीन सिनेमांची कामं ब्योनच्याच हातात होती, ती गेली. हत्यारं तेलात पुसून बांधली आहेत. रजई कागदात गुंडाळली आहे, कोरडी. पाच तारखेच्या सकाळच्या बसने निघतो, दुपारी तीनपर्यंत बंदरावर पोचेन, चढ चढायला वीस मिनिटं. काय होईल ते तुझ्या हातात. दार उघडलं नाहीस तरी मी पायरीवर बसून राहीन आणि तुझ्या गल्लीतल्या बायकांना खरं काय ते सांगेन, माझ्या तोंडाने, एकेकीला.

आणखी एक गोष्ट. हे तुला दाहेकडून किंवा स्टुडिओतल्या कुणाकडून कळण्यापेक्षा मीच सांगितलेलं बरं, कारण ऐकणारे मला वेडा म्हणतील आणि तूही कदाचित म्हणशील. ब्योनने आकडा तोंडाने सांगितला नाही. पोस्टरच्या मागे पेनने लिहिला आणि कागद माझ्याकडे सरकवला. "कमी वाटतो?" विचारलं. मी म्हटलं, "नाही, माझी दोन वर्षांची कमाई आहे." तुला दोषी ठरवणारा शेवट तसाच ठेवायचा, खाली मी सही करायची, आणि त्याबद्दल मला द्यायचे होते तीन कोटी वॉन. मी कागद उलटा करून परत दिला.